मास्तरची बिनशब्दाची चाल

आमच्या बँडचा मास्तर कीबोर्ड वाजवते. आंधी भजनात पेटी वाजवे, मंग झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन, आन् आता आरमोरीकडच्या लग्नाईत आमचा सात जनांचा बँड चालवते. मी त्यात मिमिक्री करतो. एसटीचा कंडक्टर, रानडुक्कर, मास्तरची बायको, जे म्हनान ते.

कीबोर्डात लॅटिन नावाचं एक बटन रायते, क्युबाकडच्या ठेक्याईचं. बाकीचे वाजवनारे ते सोडून पुढं जातेत. मास्तर मात्र तिथंच अडकला. मोबाइलवर क्युबाचे पियानोवाले आयकून आयकून त्यानं सोताची एक चाल बसवली. तीन वर्सं लागले. पन लोकाईसमोर वाजवाले भेव. शेवटी एका लग्नात म्हने, "आज वाजवतो. एक जरी मानूस नाचला त ठीक. नाईतर ही चाल कायमची बंद, फर्माइश येईन ते वाजवू." हासून बोलला, पन कीबोर्ड तीनदा पुसला.

दुपारी अक्षता पडल्या आन् मास्तरनं सुरू केलं. आमचा ट्रम्पेटवाला मोहफुलं वेचाले गेलता, म्हनून ट्रम्पेट मी तोंडानंच वाजवला. मास्तरचा डावा हात एकीकडे, उजवा भलतीकडेच. मले त लय मजा आली.

मांडवात कोनी हललं नाई. पाच मिनिटं सारे जागच्या जागी. मास्तरचं तोंड उतरलं. मंग नवरदेवाचा मामा उठून आला आन् अदबीनं म्हने, "भाऊ, चेकिंग झाली असन त गानं लावा न."

आमच्याकडे शब्द येतपर्यंत सारी मशीनची चेकिंगच असते. आन् चेकिंगवर नाचनारा मानूस येडा दिसते.

मी माइक घेतला. बसस्टँडच्या आवाजात सांगतलं का प्रवाशांनी लक्ष द्यावे, ही चेकिंग नसून गानंच आहे, शब्द येनार नाईत, कृपया वाट पाहू नये.

मांडव हासला. मामा म्हने, "असं सांगाव न आंधीच. कवाचे पाय दाबून बसलो आमी."

दुपट्टा दातात धरून मामा सुरू झाला. पाय मात्र चालीत नोयते, आपल्याच हिसाबानं पडत. मास्तरनं दोन घडी त्या पायाईकडे पायलं, उजवा हात तसाच चालू ठेवला आन् डाव्या हाताचा ठेका हळूच मामाच्या पायावर आनला. मंग काय, बाया उठल्या, म्हातारे उठले. आचारी दोनदा येऊन सांगून गेला का भात थंडा होऊन राह्यला. मास्तरनं त्याच्याकडे मान वर करून पायलं पन नाई.