पिठाखालची मोहरी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मलकापूरच्या बाजारात, औषधांच्या दुकानात, तिच्याच गोळ्यांसाठी उभा होतो. तिच्या देखभालीला येणाऱ्या सुनंदाबाई एवढंच म्हणाल्या, "भाऊ, लवकर या. बाई उठून नाही राह्यल्या." गोळ्यांचा पुडा तसाच हातात घेऊन घरी आलो. महिना उलटला, पुडा अजून कपाटावर आहे. फेकवत नाही.

विमलताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. धाड गावातल्या आमच्या घरातून रसायनशास्त्र शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी. आणि मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर नटबोल्ट पिळणारा. ती उत्प्रेरक बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. स्वतः न संपता दुसऱ्यांची रासायनिक क्रिया घडवून आणतो तो उत्प्रेरक, हे तिनं मला इतक्यांदा ऐकवलं होतं की मी झोपेतही म्हणून दाखवीन. निवृत्त होऊन ती आमच्याकडे राहायला आली, आणि स्वयंपाकघरातही तिची प्रयोगशाळा सुरू झाली. एकदा ती कणीक मळत असताना मी विचारलं, प्लॅटिनमसारखा महागडा धातू त्या पांढऱ्या भुकटीवर कशाला पसरता? ताईनं डब्यातली मोहरी घेतली आणि कणकेच्या गोळ्यावर दाणा दाणा टोचला. "हे पाय. कणीक म्हणजे ती पांढरी भुकटी, ऑक्साइड; मोहरी म्हणजे धातू. कणकेनं धरलं नाही तर तापल्यावर दाणे सरकतात, एकमेकाले चिटकतात, गोळा होते. मंग काम करणारं उघडं अंगच कमी होऊन जाते."

"मंग घट्ट धरलं म्हणजे झालं," मी म्हणालो. तिनं अंगठ्यानं बाजूची कणीक दाबली. ती हळूच वर चढली आणि मोहरी दिसेनाशी झाली. "हायड्रोजनमध्ये जास्त तापवलं की असं होते, बे बाळ्या. धरणाराच वर चढून बसते. दाणा आत चांगला असते, पण त्याले कोनी शिवू शकत नाही." त्या दिवशीच्या पोळ्यांत मोहरी दाताखाली येत होती आणि माझी बायको आम्हा दोघांवर धुसफुसत होती.

याच गोष्टीवरून ताई एकदा कारखान्यात सगळ्यांशी भांडली होती. एका गिऱ्हाइकाकडून पिंपभर उत्प्रेरक मेला म्हणून परत आला. तो वायू किती धरतो याची चाचणी घेतली, तर जवळजवळ शून्य. सगळ्यांनी धरून चालले की दाण्यांचे गोळे झाले; आता सगळं आम्लात घालायचं आणि धातू तेवढा काढून घ्यायचा. ताई अडून बसली. बशीभर माल मागून घेतला, आधी हवेत तापवला, मग हायड्रोजनमध्ये अगदी बेतानं. दुपारपर्यंत तोच माल कामाला लागला. वर चढलेला ऑक्साइडचा थर मागे सरला होता. हे सांगताना ती दर वेळी तितकीच रंगायची. "दोन्ही मरणं बाहेरून सारखीच दिसतात. गोळा झालेलं सहसा परत येत नाही, झाकलेलं येते. आधी बशीभर तपासा ना! लगेच आम्ल काऊन ओतता?"

दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. जेवढं सुधारायचं तेवढं सुधारलं, असं डॉक्टर म्हणाले, आणि मी कंबर कसली. ढिलं दिसलं की पिळायचं, हा माझा धर्मच. भरवायचो मी, उठवायचो मी. कोणी भेटायला आलं की तिच्या वतीनं बोलायचोही मीच. "ताईले चहा नको." "ताई थकली आता." ती नुसती बघत राहायची…

गेल्या हिवाळ्यात आम्ही धाडला एका लग्नाला गेलो होतो. सुनंदाबाईंना यायला उशीर झाला. आम्ही परतलो तर ताई स्वयंपाकघरात जमिनीवर, साडीभर पीठ, पुढ्यात ताट. ताटात डाव्या हातानं मळलेला ओबडधोबड गोळा, त्यात मोहरी. आणि ती सुईच्या टोकानं एकेका दाण्यावरची कणीक बाजूला काढत होती. तिनं गोळ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. मला मात्र फक्त गॅस दिसला आणि ओली फरशी. "पडली असती म्हणजे? काय करून राह्यली तू?" मी केवढ्यानं ओरडलो! तिला उचलून पलंगावर नेलं, ताट धुतलं, आणि त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून, तिचा हात पोचणार नाही अशी, वर कडी ठोकली. मी स्क्रू पिळत होतो आणि ती पलंगावरून बघत होती. त्यानंतर ती त्या दाराकडे कधी फिरकली नाही.

ती काय सांगत होती हे मला कळलं ती गेल्यावर पाचव्या दिवशी, सुनंदाबाई कणीक मळत असताना. दाणा आत चांगला आहे, नुसता झाकला गेलाय, असंच ती म्हणत होती. कदाचित माझं चुकतही असेल. कदाचित आत खरंच गोळा झाला असेल आणि काहीच परत येणार नसेल. कुणाला विचारू? जिनं सांगितलं असतं, तीच नाही. मी बशीभरसुद्धा तपासून पाहिलं नाही, एवढंच मला माहीत आहे.

परवा कडी काढून टाकली. चार भोकं राहिली आहेत, ती बुजवायला लांबी भरायची आहे. दार आता दिवसभर उघडंच असतं. तरी रोज सकाळी चहा करायला निघालो की माझा हात आधी वर जातो… कडी काढायला.