रात्रीच्या वाटणीचा सोडा

आप्पा गेल्यापासून दिवस कलला की मला एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडते, तीच ओळ पुन्हा वाचते, उठून खिडकीशी जाते. ऊन भिंतीवरून किती चढलं ते पाहते.

निपाणीच्या आमच्या घरात हीच घाईची वेळ. आप्पा तंबाखूच्या वखारीतून झपझप येत आणि हातपाय धुऊन पानावर बसत. जैनाचं घर, सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणीही नाही. ज्वारीची भाकरी, झणझणीत आमटी, सगळं भराभर. मग कोनाड्यातला पत्र्याचा डबा. त्यातली पांढरी सोड्याची पूड पाण्यात कालवून ते गटागट पीत. थोड्या वेळानं असा ढेकर येई की आई म्हणे, "ऐकलं हो, वखारीतल्या बायका पण उठून बसल्या असतील!"

"जळजळ गेली की न्हाय? मग हस की खुशाल," आप्पा म्हणत.

डबा बेळगावच्या खडेबाजारातून येई. चिठ्ठी लागत नसे, कुणी काही विचारत नसे. अगदी सुरुवातीला तो सणासुदीच्या जेवणापुरता निघायचा. मी बेळगावात मुलींच्या शाळेत शिकवायला लागले तोवर तो कोनाड्यातून हलेनासा झाला होता. सुट्टीत घरी गेले की वाटे, आप्पांचा सदरा मोठा झालाय. मी डॉक्टरांचं नाव काढलं की ते डब्यावर टिचकी मारत. "हा काय डॉक्टर न्हाय व्हय, आक्का?" घरात मला आक्काच म्हणत.

मग भाकरीचा घास छातीत अडकायला लागला. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, परसाकडं डांबरासारखं काळं होतंय. मी हट्टच धरला आणि दोघांना मोटारीनं बेळगावला आणलं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. सोडा किती घेता, विचारलं. आप्पा म्हणाले, जेवणानंतर चमचाभर.

"आणि रात्री जळजळलं तर?"

"रातचं पाणी सुदिक न्हाय आमच्यात."

आई दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "रातचा वाटा दिवस बुडायच्या आधीच घेत्यात. दोन-तीन चमचे, एकदम."

आप्पांनी तिच्याकडे रागानं पाहिलं. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली.

"भरल्या पोटावर एवढा सोडा? पोट फुगून फाटेल एखाद्या दिवशी. रात्रीचं औषध संध्याकाळी घेऊन साठत नाही हो. एखाद्या दिवशी जळजळलं, थोडा घेतला, ठीक आहे. रोज लागायला लागला तेव्हाच यायचं होतं. घास अडकतोय, काळं होतंय, वजन उतरलंय, आणि तुम्ही वरून सोडा ओतताय!"

आप्पा माझ्या खोलीवर राहिले. संध्याकाळचा वाढीव सोडा बंद झाला आणि इतके दिवस खाली दबलेलं दुखणं वर आलं. ते भिंतीला टेकून बसत, उठत, परत बसत. एका सकाळी आपणच म्हणाले, "चल आक्का, डॉक्टर म्हणत्यात त्या मोठ्या इस्पितळात." तिथल्या सर्जननं तपासून सांगितलं, जठरातली जखम फार जुनी आहे, आता चाकू लावण्यात अर्थ नाही. आप्पांनी ते शांतपणे ऐकलं आणि घरी कधी जायचं, एवढंच विचारलं.

आता आई माझ्याजवळ असते. दुःखात जेवणाच्या वेळा चुकल्या आणि मलाही छातीत जळायला लागलं. रोजच व्हायला लागलं, तशी मी त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं, काही दिवसांपुरती थोडी पूड दिली, जेवण आणि झोप यांत अंतर ठेवायला सांगितलं. थांबलं नाही तर परत या म्हणाले.

काल ऊन भिंतीच्या टोकाला गेलं. मी येरझाऱ्या घालत होते. आईनं विचारलं, "घेतलंस गं?"

"घेतलं. सांगितलंय तेवढंच."

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. "आणि रातचं?"

"रातचं रात्री बघू, आई."

 तिनं उठून पाण्याचा तांब्या भरला आणि माझ्या उशाशी झाकून ठेवला.