मामंजी उठले

माझी वहिनी घडीभर एका जागी बसलेली कुणी पाहिली असेल, तर पुढे या. पायाला भिंगरी लावूनच सासरी आली बाई. आमचा कपडे धुण्याचा धंदा. डोंगराच्या पोटातलं कढत पाणी नळीनं थेट हौदात यायचं, त्यात पायथ्याच्या हॉटेलांच्या चादरी धुवायच्या. अंगाला गंधकाचा वास कायमचा. वहिनी एक चादर पिळेपर्यंत चारदा बाहेर डोकावणार, जमिनीला तळहात लावून बघणार, वर धुराकडे मान करणार.

तो डोंगर म्हणजे गावातल्या सगळ्या सुनांचा ‘मामंजी’. पोटात सदा गुरगुर, कधी बिनसेल नेम नाही, म्हणून हे नाव. ‘मामंजी कुरकुरतायत गं!’ असं एकीनं म्हटलं, की बाकीच्या राख पडायच्या आत वाळत घातलेले कपडे काढायला धावायच्या.

आमच्या घरात मात्र खरे मामंजीही होते, मागच्या खोलीत. माझे बाबा. एकेकाळी काळ्या खडकांवरून पार विवराच्या काठापर्यंत चढून जाणारा माणूस, लकवा मारल्यापासून अंथरुणाला खिळला होता. ‘उठतील हो एक दिवस,’ दादाचं आपलं पालुपद. वहिनीचा घोर वेगळाच. गाडी एकच, ती दिवसभर दादाबरोबर खाली. डोंगर फुटला तर यांना उचलायचं कुणी?

त्या दुपारी नळी खाकरली आणि पाण्याऐवजी नुसती वाफ आली. खिडक्या थरथरायला लागल्या. अंगणातल्या पांढऱ्या चादरी बघता बघता करड्या झाल्या. वहिनीनं दादाला फोन लावला.

“अहो, मामंजी उठले! गाडी घेऊन या!”

पलीकडून दादाचा रडका आवाज मलाही ऐकू आला. “खरंच? खरंच उठले?”

“खोटं कशाला सांगू? या लवकर!”

“रडायला काय झालं याला?” मी विचारलं.

“घाबरले असतील,” वहिनी म्हणाली आणि परत दाराशी गेली.

शेजाऱ्यांच्या गाड्या माणसांनी गच्च भरून निघून गेल्या. आडव्या माणसाला त्यात जागा कुठली! वहिनी दारात, मग खोलीत, मग परत दारात. कुठे तडफडला होता हा दादा?

शेवटी गाडी आली. दादा आमच्याकडे न बघता राखेतून धावत आत गेला. हातात बुटांचा नवा कोरा जोड. “बाबा!” म्हणून ओरडला आणि दारातच थांबला. बाबा होते तसेच पडलेले.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. मेल्या, बूट घ्यायला थांबलास? एवढा डोंगर धुमसतोय, तो नाही दिसला? जिभेवर आलं होतं माझ्या, पण त्याचं तोंड बघून मी बाबांना उचलायची चादर उलगडायला घेतली.

बाबा बुटांकडे बघत होते. “माझे?” त्यांनी विचारलं.

वहिनीनं दादाच्या हातातले बूट घेतले आणि पलंगापाशी खाली बसली.

“हो, तुमचेच. बाहेर राख गरम आहे, मामंजी,” ती म्हणाली.

बाबांना चादरीत घालून आम्ही तिघं उचलणार होतो, त्यांचे पाय जमिनीला लागणारच नव्हते. तावदानं खडखडत होती. खालच्या घळीतला रस्ता बंद व्हायच्या आत आम्ही सुटलो, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं? वहिनीनं दोन्ही बुटांच्या नाड्या सावकाश, नीट बांधल्या. मी तिला घाई केली नाही.