नऊला न दिसलेले अठ्ठावन्न

भाईंदरच्या गाळ्यात लागून मला आठच दिवस झाले होते. काम पंपांच्या पट्ट्यांवर नंबर ठोकायचं. एका हातात आकड्याचा पंच, दुसऱ्या हातात हातोडी. लोखंडावर उठलेला आकडा खोडता येत नाही. शेठ म्हणाले होते, महिनाभर बघू, मग ठेवू. मी सातवीत शाळा सोडलेली, गाव गोंदियाकडे. परत जायचं तर काय तोंड घेऊन, हीच धाकधूक.

शेजारी पालीच्या मावशी बसायच्या. माझी नजर हातोडीवर, म्हणून कार्डावरचा नंबर त्या वाचायच्या. चूक पकडता यावी म्हणून शेठ नऊ आणि अकरा, दोन्हींनी भाग जाणारेच नंबर द्यायचे. नऊचं मला यायचं, सगळे आकडे मिळवायचे. अकराचं विचारायची लाज वाटली.

त्या दिवशी मावशींनी वाचलं, "चार कोटी बासष्ट लाख पंच्याऐंशी हजार तीनशे एकाहत्तर." मी ठोकलं. बेरीज छत्तीस. जीव भांड्यात पडला.

मावशींनी पट्टी डोळ्यांजवळ धरली. "नऊ खूश हाय. अकरा न्हाय."

"म्हणजे?"

"आकडे दोन टोपल्यांत टाक. एक हिकडं, एक तिकडं. दोनी सारख्या भरल्या पायजेत, न्हायतर अकराचा फरक."

एकीत एकवीस, दुसरीत पंधरा. कार्डावर ४६२८५३७१, पट्टीवर ४६२५८३७१. बासष्टला सावरले होते, पंच्याऐंशीला फसले. कानावर आधी 'पंच्या' आलं आणि हातानं आधी पाच उचलला.

मावशींनी पट्टी उलटी केली. "जाड हाय, पाठ कोरी हाय. ठोक."

शेठकडे त्या स्वतःच गेल्या. "साब, हमारा मराठी गिनती उलटा बोलता है. अब एक-एक आकडा बोलेगा मैं."

"इतने साल क्यों नहीं बोला?" शेठनी विचारलं आणि फोनला लागले. माझ्याकडे पाहिलंही नाही. महिना संपला तरी मला कुणी जा म्हटलं नाही.

मला मात्र त्या रात्री चैन पडेना. नऊला चूक दिसली कशी नाही? खोलीवर कागद घेतला. पंच्याऐंशी वजा अठ्ठावन्न, सत्तावीस. बासष्ट वजा सव्वीस, छत्तीस. एक्याण्णव वजा एकोणीस, बहात्तर. कुठलीही जोडी उलटवा, फरक नऊच्याच पाढ्यातला. मग अकराला काय दिसत नसेल? एकाच टोपलीतले दोन आकडे आपसात बदलून पाहिले, पहिला चार आणि तिसरा दोन. २६४८५३७१. नऊ खूश, अकराही खूश, नंबर मात्र चुकीचा.

सकाळी मावशींना दाखवला. त्यांनी टोपल्या भरल्या, पुन्हा भरल्या. "ह्ये मला न्हाय म्हाईत होतं," म्हणाल्या, आणि तो कागद घडी करून पिशवीत टाकला.

म्हणून अजूनही नऊ-अकरा झालं तरी मी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचते. ती पट्टी कुठल्यातरी पंपावर असेल. आतल्या अंगाला माझे अठ्ठावन्न.