लडकूची दुसरी हाक

कामतघरला गुलाम हुसेन शेठच्या लूम कारखान्यात कॉम्प्युटर आला शहाण्णव साली, आणि तो चालवायला शेठची भाची हमिदा आली. कल्याणच्या क्लासात सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकलेली. मशीनला कुणी हात लावलेला तिला खपत नसे. मामा म्हणत, पोरगी हुशार, पण नाकावर माशी बसू देत नाही.

सकाळी शिफ्टआधी तिचा प्रोग्राम कामगारांची नावं छापी आणि मग भोंगा वाजवी. मुकादम केसरीनाथ दारात उभा राहून कागद वाचायचा. गैरहजर माणसासाठी तळाशी एक वेगळी ओळ हमिदाने मागाहून घातली होती. त्या ओळीत एकटा लडकू होता. शेलार गावचा हा तरणा विणकर आईशी भांडून निघून गेला तो परतलाच नाही. आई बायजाबाई कारखान्यातच कापसाची भुसी झाडायची. यादीतून त्याचं नाव काढू नका, म्हणून तिने मुकादमाचे पाय धरले होते.

ती ओळ सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी लडकूचं नाव दोनदा छापून आलं. केसरीनाथने छापलं तसं वाचलं. हमिदाने पडद्यावर पाहिलं, तिथे नाव एकदाच होतं. कागदावर मात्र रोज दोनदा. प्रोग्रामात आपली चूक असेल या विचाराने तिला राग आला.

बायजाबाई मात्र खुलली. शेलारला रानातून हाक आली तर पहिलीला कुणी ओ देत नाही, दुसरीची वाट बघतात.

"मेलेलं एकदाच साद घालतं," ती हमिदाला म्हणाली. "माजा लडकू दोनदा सांगतोय. म्हंजे त्यो जित्ता हाय."

त्या दिवसापासून ती पोटभर जेवू लागली.

हमिदाने पुस्तकं उलटीपालटी केली तेव्हा भूत सापडलं. पडद्यावर ओळ लगेच उमटते, पण प्रिंटरकडे जाणारा मजकूर आधी आत साठून राहतो. हजरांची नावं छापल्यावर तो साठा बाहेर ढकलायला तिने एफफ्लश लिहिलं होतं. मागाहून घातलेल्या ओळीनंतर ते राहून गेलं. लडकूचं नाव आत पडून असतानाच भोंग्यासाठी प्रोग्राम फोर्क करी, म्हणजे आपल्यासारखाच दुसरा जन्माला घाली. त्या जुळ्याच्या पोटातही तेच नाव. संपताना दोघेही ते ओकून टाकत.

एका ओळीचं काम होतं. बोटं कीबोर्डवर ठेवून ती बसली. दाराशी बायजाबाई भुसी झाडता झाडता काहीतरी गुणगुणत होती. हमिदाने बोटं उचलली. मामांना सांगितलं, मशीनच तसं आहे. आपली चूक आपणच राखायची हे तिला फार जड गेलं, पण तिने ती राखली.

पावसाळा सरला. एका सकाळी प्रिंटर थांबला, केसरीनाथने कागद फाडून घेतला आणि लडकूचं नाव वाचलं. पुढे तो वाचेना. बायजाबाई झाडू धरून वाट बघत उभी राहिली.

हमिदाने कागद ओढून घेतला. नाव एकदाच होतं. तिने प्रोग्राम उघडला. कुणी अक्षरही बदललं नव्हतं. एफफ्लश नव्हतंच. भोंगाही वाजला होता, म्हणजे जुळा जन्मला होता. मग त्याच्या पोटातलं नाव गेलं कुठे?

तिला भयंकर भीती वाटली. तरी ती दारात गेली आणि मोठ्याने म्हणाली, "लडकू."

बायजाबाईने तिच्याकडे पाहिलं, मायेनेच.

"ही हाक तुजी हाय पोरी. त्याची न्हाय."

तिने झाडू भिंतीला टेकवला, पदर डोक्यावर घेतला आणि शेलारच्या वाटेला लागली. दुपारी काल्हेरच्या गोदामांकडून हिरामण नावाचा हमाल लडकूबद्दलचा निरोप घेऊन कारखान्यात आला. तो बोलण्याआधीच केसरीनाथने सांगितलं, आईला कळलंय, ती घरी गेलीय.

हमिदाने त्या संध्याकाळी एफफ्लशची ओळ घातली.