चाळणीत कुणीच उरलं नाही

झुरळ दिसलं तर पूजिता चप्पल घेऊन त्याच्या मागे लागायची, पाल तर तिच्या खिजगणतीतही नव्हती. पण दुसऱ्या कुणी लिहिलेला गलथान प्रोग्राम उघडला की तिला खरोखर मळमळायचं. त्यातही एक जात तिला अजिबात सहन व्हायची नाही: आत चूक झाली की गपकन गिळायची आणि तोंड पुसून 'सगळं छान आहे' म्हणायचं. असलं काही हाती लागलं की बाईसाहेब उठायच्या, मोरीत जाऊन साबणाने हात धुवायच्या आणि मगच पुढची ओळ वाचायच्या. तिचा नवरा मंजुनाथ हसायचा. म्हणायचा, तुझ्या आजोबांचे हात कोपरापर्यंत निळे असायचे, त्यांनीसुद्धा कधी एवढे धुतले नसतील. त्यावर पूजिता म्हणायची, "तो रंग होता. ही घाण आहे."

घराणं मराठी रंगाऱ्यांचं. म्हैसूरला कुठल्या पिढीत आले ते आता घरातही कुणाला धड सांगता येत नाही. रंगाची पिपं गेली. कुणी बँकेत लागलं, कुणी बेळगोळच्या कारखान्यात, आणि पूजिता घरी बसून लहानसहान कंपन्यांच्या बिघडलेल्या स्क्रिप्ट दुरुस्त करायला लागली. जड, पसरट सॉफ्टवेअर तिला नको. जुन्या लॅपटॉपवर चटकन उघडणारा एक हलकासा एडिटर, बस्स. हव्या त्या ओळीच्या डावीकडे लाल ठिपका द्यायचा, म्हणजे प्रोग्राम तिथे थांबतो आणि त्याच्या पोटात त्या क्षणी काय आहे ते दाखवतो. मग एकेक ओळ पुढे सरकायचं, कुठे पाय घसरतो ते बघत.

चार वर्षांपूर्वी तिने मंजुनाथशी लग्न केलं. तो रंगारी समाजातला नाही, मराठी तर नाहीच नाही. तेव्हापासून समाजाच्या कमिटीने तिला हळदीकुंकवाचंही बोलावणं धाडलं नव्हतं. तिचे वडील गुंडुराव कमिटीतले जुने मेंबर. ते तिच्याशी बोलायचे, पण भिंतीकडे बघून. आणि गेल्या आठवड्यात कमिटीचे सेक्रेटरी वासुदेवराव स्वतः फोनवर, आवाजात साखर घोळवून:

"पूजिता, तू आपलीच पोर की गं! वधूवर मेळाव्याचं ते प्रोग्राम बंद पडलंय. किरणकुमारने लिहिलेलं. तो जर्मनीला जाऊन बसलाय, फोन उचलत नाही. स्वल्प बघून देतेस का?"

आपलीच पोर! काम पडलं की आपली, एरवी परकी. जिभेवर आलेलं पूजिताने गिळलं, आणि गिळलं ते फक्त अनुषासाठी.

अनुषा तिची धाकटी बहीण. शिकलेली, कमावती, आणि लग्नाची मनापासून हौस असलेली. समाजाच्या मेळाव्याला ती दर वर्षी नाव द्यायची. किरणकुमार म्हणजे त्यांचा आतेभाऊ. त्याची स्क्रिप्ट सगळ्यांची माहिती वाचून जोड्या जुळवायची आणि ज्याच्या त्याच्या फोनवर स्थळं पाठवायची. इतरांना चार-पाच स्थळं यायची. अनुषाला यायची एक ओळ: 'यंदा योग्य स्थळ नाही. प्रयत्न चालू आहेत.' तीन वर्षं तीच ओळ. मग खोट कशात? रंगात! आई अंबाबाईंनी ठरवूनच टाकलं, पोर जरा सावळी आहे ना. डाळीचं पीठ काय, हळद काय, साय काय, कुठली कुठली क्रीम काय. घासून घासून गाल सोलवटले तरी थांबायचं नाव नाही. अनुषासुद्धा आता फोटो काढताना उजेडाकडे तोंड करून उभी राहायची.

मेळाव्याच्या आधीच्या रविवारी सकाळी पूजिता अग्रहार भागात माहेरी आली आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. समोर अनुषा चेहऱ्याला पीठ थापून वाळवत होती. हसलं की पीठ तडकतं, म्हणून तिने ओठ न हलवताच म्हटलं, "अक्का, यंदा तरी माझं काही जमेल का बघ गं." गुंडुराव पेपरात डोकं घालून बसले होते.

पूजिताने स्क्रिप्ट चालवली. मुलींच्या यादीतलं पहिलं नाव उचलायला गेली आणि कोसळली, कारण यादीत पहिलं नावच नव्हतं. यादी रिकामी! असं कसं? तिने वर लाल ठिपका दिला आणि एकेक ओळ पुढे सरकली. नोंदी वाचून झाल्या: मुली भरपूर, अनुषाही आहे. पुढची ओळ: अजून आहेत. मग एक तुकडा आला, 'चाळणी' नावाचा. त्यात शिरताना यादी भरलेली, बाहेर पडताना ठणठणीत रिकामी.

चाळणीत एकच अट होती. नोंदीत एक रकाना होता, लोकांना न दिसणारा, कमिटीने भरायचा: 'घरात बाहेरचं लग्न'. तिथे 'होय' असेल तर नाव गुपचूप गाळायचं आणि त्या घरी ती गुळमुळीत ओळ पाठवून द्यायची. यंदा झालं असं, की प्रत्येक मुलीच्या घरात कुणी ना कुणी, भाऊ म्हणा, आत्या म्हणा, समाजाबाहेर लग्न करून मोकळं झालं होतं. चाळणीत एकही मुलगी उरली नाही. प्रोग्राम बिचारा कमिटीपेक्षा प्रामाणिक, तो तोंडावर आपटला.

शी! म्हणजे अनुषाच्या घरातलं 'बाहेरचं लग्न' पूजिताचंच. आणि पोरीचे गाल सोलवटले ते कशासाठी? पूजिता उठली, मोरीत जाऊन हात धुऊन आली. परत बसल्यावर त्या तुकड्याच्या डोक्यावरची टीप तिने वाचली. किरणकुमार शिस्तीचा मुलगा. जे लिहील त्याचं कारण वर लिहून ठेवायचा. 'कमिटीचा नियम. सुचवणारे: गुंडुराव मामा.' तारीख पूजिताच्या लग्नाच्या बरीच आधीची.

"अप्पा, चाळणीचा नियम तुम्ही सुचवलात?"

पेपर खाली आला. "तो नरसिंहाच्या घरासाठी होता. त्याच्या पोराने बाहेर लग्न करून ती थेरं केली तेव्हा. कुठेतरी आळा नको?"

"आणि अनुषाच्या नावापुढे 'होय' कुणी भरलं?"

गुंडुराव ताठ झाले. "मीच भरलं. मग काय, खोटं भरू? नियम म्हणजे नियम. स्वतःच्या घराला सूट घेणाऱ्यातला मी नव्हे."

आणि हे अभिमानाने, बरं का! छाती काढून! पूजिताला वाटलं, हात कितीही धुतले तरी हे जाणार नाही.

"मग घरात सांगितलं का नाही? आई तिला पीठ फासत होती आणि तुम्ही समोर बसून कॉफी पीत होता."

"कमिटीत मान वर करून बसायचं असतं, पूजिता," ते भिंतीला म्हणाले. "तुला कळायचं नाही ते."

अंबाबाई सायीची वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी वाटी तशीच मोरीत ओतली.

पूजिताने वासुदेवरावांना फोन लावला, नेमकं काय सापडलं ते सांगितलं. "अय्यो, त्या ओळीला हात लावू नको!" ते ओरडलेच. "बंद पडतंय तेवढं थांबव. मुली नसल्या तर गेल्या वर्षीच्या चार टाक."

"त्यांची लग्नं झाली, काका."

"ते बघू मागाहून. तू सुम्ने, गपचूप, चालू करून दे गं."

तिने फोन ठेवला आणि लॅपटॉप वडिलांसमोर सरकवला. "एवढी एक ओळ आहे. तुम्ही घातलीत, तुम्हीच खोडा."

गुंडुरावांचा हात उचलला गेला, मग गुडघ्यावर परत आला. "मेळावा होऊन जाऊ दे. मग कमिटीत विषय काढतो."

अनुषा मघाच उठून गेली होती. ती परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता, गाल लालबुंद, जागोजागी साल निघालेली. अक्काच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"अक्का, ओळ खोडू नको. मला त्या यादीतच यायचं नाही आता. पण तो मेसेज जातो ना, 'योग्य स्थळ नाही' म्हणून? तिथे खरं कारण घाल. नियम कुणाचा तेही घाल."

"अनुषा!" गुंडुराव म्हणाले. तिने वर बघितलं नाही.

पूजिताने लिहिलं. यादी रिकामी असली तर कोसळू नको, तसं सांग, एवढीही सोय केली. मग बहिणीकडे पाहिलं. "सगळ्या घरांना जाईल हं. नक्की?"

अनुषाने स्वतःच बटण दाबलं.

नावं अकारापासून, त्यामुळे पहिला फोन तिचाच वाजला. तिने मेसेज मोठ्याने वाचला: "'स्थळ नाही. कारण: घरात बाहेरचं लग्न. नियम सुचवणारे: गुंडुराव.'" मग एकामागून एक सगळ्या घरांना गेला. मुलांनाही तीच चाळणी होती, आणि वासुदेवरावांचा नातू तिच्यातून उरलेल्या मोजक्या मुलांपैकी. त्याला वेगळा गेला: 'स्थळ नाही. कारण: नियमात बसणारी एकही मुलगी समाजात उरलेली नाही.'

टेबलावरचा गुंडुरावांचा फोन वाजायला लागला. वासुदेवराव. तो बंद पडतो न पडतो तोच नरसिंह. गुंडुराव भिंतीकडे बघत राहिले.

अनुषाने फोन उचलून त्यांच्या हातात दिला.

"घ्या, अप्पा. तीन वर्षं मी आरशाला विचारत होते. आता लोक तुम्हाला विचारताहेत."