रिसालदारसाहेबांचा चढ

आमच्या रिसालदारसाहेबांची मान कायम डावीकडे वळलेली असायची. फार नाही, पण समोरच्याला वाटावं की हे आपल्याशी बोलतायत की आपल्या शेजारच्याशी. महाराज बाड्याच्या चौकातून ते चालत निघाले की सराफ्यातले दुकानदार एकमेकांना कारणं सांगायचे. कोणी म्हणे घोड्यावरून पडले होते, कोणी म्हणे लढाईत गोळी चाटून गेली. साहेबांनी यातलं काहीच कधी खोडून काढलं नाही. खरं कारण म्हणजे एक लहानशी मोटार आणि एक मातीचा चढ, हे आम्हा घरच्यांना ठाऊक होतं. निदान ठाऊक आहे असं मी पुष्कळ वर्षं समजत होते.

ते माझे मोठे दीर. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन उत्तरेत, संस्थानच्या राजधानीत, लष्करला आले. या घरात थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीनं समोरासमोर बोलायची रीत नव्हती. त्यामुळे मला त्यांच्याविषयी जे कळलं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आणि उरलेलं माझ्या जाऊबाईंकडून, म्हणजे अक्कांकडून. खिडकी चांगली होती. तिच्यातून अंगण दिसे आणि अंगणापलीकडचा रिकामा तबेला दिसे. आमचं घर खासगी बाजाराच्या मागच्या बोळात होतं आणि साहेबांचा आवाज परेडीवरचा, तेव्हा ऐकायला कान लावावे लागत नसत.

त्यांचं एक ब्रीद होतं, "शिलेदार पाठ दाखवत नाही." पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर बसून इकडे आले ते याच वाक्याच्या जोरावर, असं ते सांगायचे. मला वाटतं, भाकरीच्या शोधात आले असावेत, पण ते मी कोणाला बोलून दाखवलं नाही. साहेब घोडासुद्धा कधी मागे घेत नसत. गल्लीत समोरून बैलगाडी आली तर बैलगाडीनं मागं जायचं. एकदा लग्नाच्या वरातीत त्यांच्यामुळे अख्खा बँड मागं सरकला होता.

मग संस्थान विलीन झालं. फौज मोठ्या फौजेत गेली, आणि साहेबांचं वय जास्त भरलं म्हणून ते घरी आले. घोडे सरकारचे, तेही गेले. साहेबांच्या हाती एक खोगीर उरलं. ते त्यांनी तबेल्यात खुंटीला टांगलं आणि मंगळवारच्या मंगळवार तेल लावायला सुरुवात केली. पेन्शनचं भिजत घोंगडं पडलं होतं. रिसालदारी गेली तरी बोळानं त्यांना रिसालदारसाहेब म्हणणं सोडलं नाही, आणि आम्हीही नाही.

घर तेव्हा अक्कांच्या पगारावर चालत होतं. त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. नवं सरकार, नवं खातं, आणि खात्याच्या मनात आलं की खेड्यापाड्यांत मुलींच्या शाळा काढाव्यात. चांगली गोष्ट होती. फक्त तिच्यासाठी अक्कांची बदली चंबळेकडच्या एका गावी झाली. सडकेपर्यंत बस जाई, ती एक दिवसाआड. पुढं दिवसभराची कच्ची वाट, आणि गावाच्या तोंडाशी बेहड. बेहड म्हणजे पावसानं कापून काढलेल्या मातीच्या घळी. त्या घळीतून वर गावात चढायला एकच रस्ता, छातीवर येणारा. आठवडाभर अक्का तिथं पटेलाच्या घरी एका खोलीत राहणार, शनिवारी घरी येणार, आणि सोमवारी प्रार्थनेच्या आत शाळेत हजर. हे जमलं नाही तर नोकरी जाणार. नोकरी गेली तर माझ्या नवऱ्याचा कारकुनी पगार तेवढा उरणार होता, आणि घरात तोंडं भरपूर.

"नोकरी सोडून दे" असं साहेब म्हणतील, अशी सगळ्यांची अटकळ होती. ती खोटी ठरली. जहागिरी जाणार म्हणून एक जहागीरदार आपलं सामान विकत होते, त्यांच्याकडून साहेबांनी एक लहानशी जर्मन मोटार आणली. त्यासाठी अक्कांनी पाटल्या दिल्या. मोटार इतकी बुटकी की अंगणातला बोका तिच्या टपावर सहज उडी मारून बसला. इतर मोटारींची मागची चाकं गाडी ढकलतात. हिचं इंजिन पुढची चाकं फिरवायचं. साहेबांना हिच्यातलं हेच आवडलं होतं.

"घोडा कधी मागून ढकलतो का?" ते माझ्या नवऱ्याला विचारत होते. "पुढून खेचतो. ही अस्सल जनावर आहे, भई. बाकीच्या सगळ्या हातगाड्या."

पण जनावर शहरातलं होतं. पहिल्याच फेरीत पोटाला दगड लागून तेल गळालं आणि साहेब बैलांमागून घरी आले. मग तबेल्यात काम सुरू झालं. आधी उंची. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना जास्तीची पानं घालून साहेबांनी गाडी वीतभर उचलली. घोड्यासारखी ऐटीत उभी राहिली आणि चौथ्या दिवशी पुढच्या चाकाचा जोड कट् कट् करत तुटला. कारण साधं होतं. गाडी उचलली की चाकाला फिरवणारा दांडा तिरका होतो, आणि तिरकं फिरून फिरून जोड झिजतो. साहेबांनी उंची कमी केली, चार बोटांवर आणली. "जनावराची मान फार वर बांधली तर ते चालणार कसं," म्हणाले. चूक मान्य करायची त्यांची ही पद्धत होती.

मग पोटाला चिलखत. त्यासाठी जाड पत्रा हवा होता. एके दिवशी गणपतीच्या प्रसादाची आमची मोठी लोखंडी कढई जागेवर नाही असं माझ्या लक्षात आलं. खिडकीतून पाहिलं तर ती कापून, ठोकून, इंजिनाखाली बसवलेली. माझा असा संताप झाला की त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं. साहेब मुकाट्यानं जेवले. आत शिरणारी धूळ अडवायला त्यांनी माझ्या नवऱ्याचा पंचा तेलात भिजवून इंजिनाच्या नाकाशी बांधला. पंचा गेला त्याचं मला काही वाटलं नाही. कढईचं अजून वाटतं.

एवढं करून गाडी वाट चालायला लागली. शनिवारी अक्कांना आणायचं, सोमवारी भल्या सकाळी पोचवायचं. अडत होतं ते फक्त शेवटच्या चढावर. अर्ध्यात गेलं की पुढची चाकं जागच्या जागी माती उडवायची. बाड्यावरच्या एका टांगेवाल्यानं साहेबांना कारण सांगितलं, "हुजूर, गाडी उलार हो रही है." मागं बसणारे जास्त झाले की टांगा मागं कलतो आणि घोडा अधांतरी होतो, त्याला इकडे उलार म्हणतात. चढावर मोटारीचंही तसंच होत होतं. भार सगळा मागं जायचा आणि ओढणारी चाकं हलकी पडायची. साहेबांनी पुढच्या दोन्ही मडगार्डांवर वाळूची पोती बांधली. थोडा फरक पडला. तरी शेवटचं वळण काही निघेना. अक्का तिथं उतरायच्या, पिशवी खांद्याला लावून चालत वर जायच्या आणि साहेब खाली उभे राहून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघायचे. वर्षभर हे चाललं.

त्या हिवाळ्यात खात्याचे साहेब शाळा बघायला येणार असं कळलं. जुन्या संस्थानातल्या कोणत्या शिक्षिका नव्या राज्यात कायम करायच्या, ते ठरायचं होतं. सोमवार सकाळ. जी जागेवर नसेल तिचं नाव कटणार, हे स्पष्ट होतं. आणि रविवारी मावठ झाली. माघातला पाऊस गव्हाला चांगला म्हणतात, पण बेहडाची माती त्यानं लोण्यासारखी होते. नवरा-बायको निघाले तेव्हा मी देवापाशी दिवा लावला. कढईचा राग तात्पुरता बाजूला ठेवला.

पुढचं अक्कांनी मला शनिवारी परत आल्यावर सांगितलं. चढाच्या पायथ्याशी पोचले तेव्हा वरून शाळेतल्या मुलींचे आवाज ऐकू येत होते. साहेबांनी वेग घेऊन गाडी घातली. अर्ध्यावर चाकं फिरली आणि गाडी घसरत खाली आली. पुन्हा घातली, पुन्हा तेच. अक्का पायी निघाल्या तर चार पावलांत गुडघाभर चिखलात रुतल्या. साहेबांनी त्यांना हात देऊन काढलं. मग अक्का म्हणाल्या, "ओढणारी चाकं पुढं आहेत आणि भार मागं जातो. मग गाडीच फिरवा की. उलटी चढवा. भार येईल तो ओढणाऱ्या चाकांवरच येईल."

साहेब म्हणाले, "शिलेदार पाठ दाखवत नाही."

"कोणाला दाखवताय? इथं गनीम कोण आहे? मी आहे आणि हा चढ आहे."

साहेब चिखलाकडे बघत उभे. वर प्रार्थनेची घंटा झाली. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि अक्का रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "दरबारातून बाहेर पडताना तुम्ही उलट्या पावलांनी यायचात. महाराजांना पाठ दिसू नये म्हणून. तेव्हा कोणी म्हटलं का, की रिसालदार पळाला?"

साहेबांनी मिशीवर हात ठेवला. दरबारची रीत त्यांनी आयुष्यभर पाळली होती, ती पायाखालून जाणाऱ्या रस्त्यालाही लागू पडेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "बसून जा." 'बस' या शब्दाला इकडे असं लांबवून म्हणतात. साताऱ्याच्या माझ्या कानाला ते सुरुवातीला फार खटकायचं. गाडी वळली. साहेबांनी डावा हात बैठकीच्या पाठीवर टाकला, मान मागं वळवली, आणि ती मोटार कुरकुर करत, चिखल तुडवत, पाठीच्या बाजूनं एका दमात गावात शिरली. प्रार्थना संपायच्या आत अक्का मुलींपुढं उभ्या होत्या. लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल होता. खात्याचे साहेब मात्र दुपारी आले, त्यांची जीप कुठंतरी रुतली होती. अक्कांचं नाव पक्क्या यादीत गेलं.

त्यानंतर दर सोमवारी गाडी त्या चढावर उलटीच चढायची. गावातली माणसं हसायची, "मास्टरनीजी की मोटर पीठ दिखाके आती है." साहेबांच्या कानावर ते गेलं. म्हणाले, "बोलू दे. ओझं ओढायचं तर ओझ्याखाली चाक पाहिजे." पुढं हे त्यांचं नवं ब्रीद झालं. माझ्या नवऱ्याला, गवळ्याला, शेजारच्या वकिलांना, ज्याला त्याला ऐकवायचे. जुनं ब्रीद त्यांनी मोडीत काढलं नाही, नुसतं बोलायचं सोडलं. मागची काच त्यांनी मोठी करून घेतली. चढ लांब आणि चाल गोगलगायीची, त्यामुळे मान तेवढा वेळ मागं वळवून ठेवावी लागे. वर्षानुवर्षं हे केल्यावर ती तिकडेच राहायला लागली. आम्ही मोहरीचं तेल चोळायला द्यायचो. "चोळतो," म्हणायचे आणि त्यानं खोगीर पुसायचे.

पुढं राज्यांची पुन्हा मांडामांड झाली. राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागून लष्करातली अर्धी कारकुनी गेली. माझ्या नवऱ्याची बदली झाली तशी आमचीही बांधाबांध सुरू झाली. त्याच सुमाराला अक्कांना लष्करातल्या शाळेत परत यायची संधी मिळाली. घरापासून हाकेच्या अंतरावरची शाळा. अक्कांनी नको म्हणून कळवलं. मी चकितच झाले. म्हटलं, "अक्का, तुम्हाला काय चंबळेचं पाणी बाधलंय? आता तरी घरात राहा, त्यांच्या मानेला आराम पडू दे." अक्का हसल्या आणि माझ्या ट्रंकेत लोणच्याची बरणी नीट बसवायला लागल्या. हट्ट, दुसरं काय, असं मी मनाशी धरलं. निघताना साहेब दारात उभे होते. रीत मोडून पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले, "धाकट्या बाईसाहेब, तुमची कढई अजून शाबूत आहे." मान अर्थात अक्कांकडे होती.

साहेब गेल्याचं कळलं तेव्हा आम्हाला भोपाळहून पोचायला तिसरा दिवस उजाडला. दिवसकार्य आटोपल्यावर पाहुणे पांगले. मी आणि अक्का ओसरीवर मटार सोलत बसलो होतो. तबेल्यात मोटार उभी होती, खोगीर तिच्या टपावर ठेवलेलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "त्या चढानं त्यांच्या मानेचं वाटोळं केलं. लष्करची शाळा घेतली असतीत तर बरं झालं असतं."

अक्कांचे हात थांबले नाहीत. म्हणाल्या, "तू या घरात राहून गेलीस. थोरल्यांसमोर त्यांनी कधी माझ्याकडे पाहिलेलं आठवतं का तुला? रीतच नव्हती. दिवसभर ते अंगणात, मी आत. चक्क त्यांच्या डोळ्यांचा रंग कसा आहे हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या डावीकडे बसायची. गाडी उलटी घ्यायची म्हणजे मान डावीकडे वळवावी लागते. त्या चढावर, पूर्ण चढभर, ते माझ्याकडे तोंड करून असायचे. मी बोलायची, ते ऐकायचे. गाडी मुद्दाम हळू घ्यायचे, मला कळायचं."

मी मटार सोलत राहिले.

"तिरडीवर लोकांनी त्यांची मान सरळ करून दिली," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, राहू द्या."